फियाटच्या दिव्याची काच

जरा बसा.

हातातलं काम बाजूला ठेवा. खांदे सैल सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या.

आज आपण एकाच वस्तूपाशी थांबणार आहोत. जुन्या फियाटच्या हेडलाइटची काच. तेवढीच.

संध्याकाळ उतरते आहे. गॅरेजचं शटर अर्धं वर आहे. आत एक फियाट ११०० डी उभी आहे. दिव्याची चकचकीत रिंग काढून ठेवली आहे. रबर सोडवलं आहे. काच तुमच्या हातात आली आहे.

दोन्ही हातांनी धरा.

वाटलं होतं त्याहून जड आहे. थंड आहे. तळहाताची ऊब हळूहळू तिच्यात उतरते. उतरू द्या.

आता डोळे मिटा.

बोटं बाहेरच्या अंगावरून फिरवा. काच फुगीर आहे, गुळगुळीत आहे. मध्येच कुठे बारीक खडबड लागते. चाकांखालून उडालेल्या खड्यांचे हे टवके. त्यांच्याकडे नंतर येऊ.

बोटं आतल्या अंगाला न्या.

इथे काच बदलते. उभ्या रेघा लागतात, एकीला लागून एक. बोट चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. काही रेघा रुंद, काही दाट. एका बाजूला एक तिरकी पाचर लागते. तिथली नक्षी बाकीच्या काचेशी जुळत नाही.

बोट तिथेच राहू द्या.

एक श्वास.

या नक्षीतल्या प्रत्येक रेघेला काम नेमून दिलेलं आहे. ते काम आपण आज पाहणार आहोत.

डोळे उघडा. काच चेहऱ्यासमोर धरा आणि तिच्यातून गॅरेजच्या दाराकडे बघा.

दार एक राहत नाही. त्याच्या उभ्या चिरफळ्या होतात. प्रत्येक रेघेत दाराचा एक तुकडा. काच थोडी डावीकडे सरकवा. सगळे तुकडे सरकतात.

आता काच पाव वळण फिरवा.

चिरफळ्या आडव्या झाल्या. काच तीच, दार तेच. काच कशी धरली आहे त्यावर सगळं बदललं.

हे लक्षात राहू द्या. पुढे लागेल.

काच परत सरळ करा. कडेजवळ नीट बघा. अशा बहुतेक काचांवर इंग्रजीत ‘टॉप’ एवढा शब्द उठावाने उमटवलेला असतो. ही बाजू वर.

त्या अक्षरांवरून अंगठा फिरवा. कुणीतरी पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलं आहे.

आता थोडं मागे जाऊ. ही काच काच होण्याच्या क्षणापाशी.

भट्टीतून वितळलेल्या काचेचा एक गोळा निघतो. लालभडक, मधापेक्षा दाट. तो लोखंडी साच्यात पडतो. वरून दट्ट्या उतरतो आणि दाबतो. साच्याच्या तळाने बाहेरचं गुळगुळीत अंग घडतं. दट्ट्यावर कोरलेल्या रेघा आतल्या अंगावर उमटतात.

दट्ट्या उठतो. काच आता हळूहळू निवायला हवी. घाईने निवाली तर तिच्यात ताण राहतो, आणि पुढे कधीतरी, काही कारण नसताना, तडा जातो.

निवू द्या. आपणही थांबू.

रेघा आत का आणि बाहेर का नाहीत? बाहेर असत्या तर त्यांच्या खोबणींत चिखल साचला असता. पावसाळ्यात एकदा आपल्या रस्त्यांवरून गेलेल्या गाडीकडे बघितलं की हे लगेच पटतं. बाहेरचं अंग पुसता यावं म्हणून साधं ठेवलं. बारकाईचं सगळं काम आतल्या अंगावर सोपवलं.

ही गाडी आपली आहे, मुंबईची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली. १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली गेली. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. काळ्या-पिवळ्या रंगात ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली.

म्हणजे या गोल काचांमागून आलेल्या प्रकाशात तुम्हीही कधीतरी रस्ता ओलांडला असेल.

पुन्हा काचेकडे येऊ.

आता बाहेर पुरता अंधार झाला आहे. गाडी भिंतीसमोर उभी आहे, साधारण पंचवीस फुटांवर. दिव्यात बल्ब आहे, मागे रिफ्लेक्टरची चकचकीत वाटी आहे. काच अजून तुमच्याच हातात आहे.

दिवा लावा.

भिंतीकडे बघा.

एक गोळा दिसतो. मध्ये डोळे दिपवणारा ठिपका, भोवती पुसट वलयं, एक-दोन काळे डाग. कडेला काहीच नाही. भिंतीचा उरलेला भाग अंधारातच आहे.

रिफ्लेक्टरच्या वाटीला एक ठरावीक वळण असतं. बल्बची तार तिच्या केंद्रबिंदूशी ठेवली की तारेतून सर्व दिशांना निघालेला प्रकाश वाटीवर आपटून जवळजवळ समांतर होतो आणि सरळ पुढे जातो. वाटीला एवढंच येतं. गोळा करायचं आणि पुढे फेकायचं.

या गोळ्याच्या प्रकाशात गाडी चालवून बघा. मनातल्या मनात.

लांबवरचं एक झाड लख्ख दिसतं. पण रस्त्याची कड दिसत नाही. कडेने चाललेला माणूस दिसत नाही. बाजूचा खड्डा दिसत नाही.

प्रकाश भरपूर आहे, आणि दिसत मात्र नाही.

इथे थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता काच लावा. ‘टॉप’ वर. हलक्या हाताने दाबून बसवा.

पुन्हा भिंतीकडे बघा.

गोळा गेला.

त्याच्या जागी एक आडवा, रुंद पट्टा आला आहे. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सतरंजी अंथरावी तसा. मधला ठिपका मवाळ झाला आहे. काळे डाग दिसत नाहीत. पट्ट्याच्या वर अंधार आहे.

बल्ब तोच, बॅटरी तीच. प्रकाश कणभरही वाढलेला नाही. उलट थोडा घटला आहे, कारण काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश माघारी फिरतो, आणि काचेला दोन पृष्ठभाग असतात. म्हणजे सात-आठ टक्के वाटेतच गेला.

तरी आता रस्ता दिसतो.

या भिंतीसमोर थोडा वेळ राहा. काही समजून घ्यायची घाई नको. नुसतं बघा.

आता त्या रेघांचं काम उलगडतं. प्रत्येक उभी रेघ म्हणजे एक छोटं भिंग आहे. ती आपल्या वाट्याचा प्रकाश डावी-उजवीकडे पसरवते. दुसरी रेघ आपल्या वाट्याचा पसरवते, तिसरी आपल्या. हे सगळे छोटे पट्टे एकमेकांवर पडतात. एकीची उणीव दुसरी भरून काढते. म्हणून डाग दिसत नाहीत.

कुठे कुठे काच वर पातळ आणि खाली जाड आहे. प्रकाश जाड बाजूकडे वळतो. म्हणून तिथून जाणारा प्रकाश खाली रस्त्यावर उतरतो.

रुंद रेघा, दाट रेघा, कलत्या जागा. कुणीतरी हे सगळं कागदावर मांडलं होतं. गणकयंत्राविना, पेन्सिलीने, एकेका रेघेचा हिशेब करून.

मला या कामाबद्दल फार आदर वाटतो. इंजिनाचं कौतुक सगळे करतात. काचेतल्या रेघा कुणी मोजत नाही.

आता दिवा डिपरला टाका.

टक्.

पट्टा खाली उतरला. वर मोठा अंधार मोकळा झाला.

या पिढीच्या युरोपीय पद्धतीच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. लांबच्या प्रकाशासाठी पंचेचाळीस वॅटची, डिपरसाठी चाळीस वॅटची. डिपरची तार केंद्रबिंदूच्या थोडी पुढे असते आणि तिच्या खाली धातूचं एक छोटं झाकण असतं. त्यामुळे तिचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो. तिथून तो खाली वळतो आणि काचेतून रस्त्यावर येतो.

प्रकाश आणि अंधार यांच्यामधल्या सीमेकडे नीट बघा. ती सरळ नाही.

उजवीकडे ती सपाट आहे. मधोमध पोहोचल्यावर ती डावीकडे वर चढू लागते. पंधरा अंशांनी.

आपण डावीकडून गाडी चालवतो. समोरची गाडी उजवीकडून येते. तिच्या बाजूला प्रकाश खाली दाबलेला आहे. डावीकडे, आपल्या कडेला, तो उचललेला आहे. तिथे पायी चालणारा माणूस असतो, सायकलवाला असतो, बैलगाडी असते, मैलाचा दगड असतो.

काचेतली ती तिरकी पाचर आठवते? बोट जिथे थांबलं होतं? तिचं काम हे. त्या धातूच्या झाकणाची एक कड पंधरा अंशांनी छाटलेली असते, आणि काचेची पाचर तिला साथ देते.

आता त्या सीमेच्या वर बघा. जिथे काही नाही तिथे.

अंधाराकडे बघत राहा.

हा अंधार दुसऱ्या कुणासाठी आहे. तो माणूस समोरून येतो आहे. आपण त्याला ओळखत नाही. दोन मिनिटांनी तो मागे गेलेला असेल.

मानवी डोळ्याला अंधाराला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. घाटातून चालवताना हा सराव हळूहळू जमतो. समोरून एक झोत थेट डोळ्यांत आला की तो क्षणात मोडतो. पुढचे काही सेकंद माणूस आंधळा असतो, आणि गाडी चालत असते.

काच त्या माणसाचे डोळे राखते.

गाडीतला सगळ्यात सभ्य भाग कोणता असं मला विचारलं, तर मी या काचेकडे बोट दाखवेन.

थोडं शांत बसू.

आता खंडाळ्याचा घाट मनासमोर आणा. श्रावणातली रात्र. धुकं रस्त्यावर उतरलं आहे. काचेबाहेर पांढरं, मागे पांढरं, वर पांढरं.

लांबचा प्रकाश लावून बघा.

सगळं आणखी पांढरं होतं. प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून तुमच्याकडेच परत येतो. पुढे भिंत उभी राहते.

डिपर.

भिंत विरते. समोरचा थोडासा रस्ता दिसतो, ओला, काळा. कडेचा पांढरा पट्टा दिसतो. पाच-सहा वाव पुढचं दिसतं. तेवढ्यात जाता येतं.

ही किमया त्या सीमेची आहे. वर प्रकाश गेला नाही, म्हणून डोळ्यांकडे परत येणारं फारसं काही उरलं नाही.

श्वास आत. श्वास बाहेर. घाट आपल्या चालीने उतरा.

आता एक जुनं चित्र आठवा. पूर्वी आपल्या रस्त्यांवर हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवलेल्या गाड्या सर्रास दिसत. ट्रक, टॅक्सी, खासगी गाड्या. समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये हा हेतू. १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट झाला, तेव्हाही दिवे असेच काळे करून किंवा कागद लावून झाकले गेले.

युद्धातलं झाकणं समजतं. तिथे दिसायचंच नव्हतं.

पण एरवीच्या रंगाचा विचार करा. दोन तारांचा बल्ब मनात आणा. डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर पडतो आणि बराचसा काचेच्या वरच्या भागातूनच खाली येतो.

तोच भाग काळा केला तर काय अडेल?

जो प्रकाश आधीच खाली वळलेला होता, नेमका तो.

हेतू चांगला होता. काचेला विचारलं मात्र नव्हतं. काचेत जे काम आधीच केलेलं होतं, त्यावर ब्रश फिरला.

पुढे जाऊ. सावकाश.

कधी काळी काचेकडून एवढी अपेक्षा नव्हती. कराडजवळच्या ओगलेवाडीत प्रभाकर कंदील बनत. त्या कंदिलाची काच ज्योतीला वाऱ्यापासून जपते आणि प्रकाशाला चहूकडे जाऊ देते. पहिल्या मोटारींच्या दिव्यांतही असंच होतं. कार्बाइडवर पाणी ठिबकायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा, तो पेटवायचा, आणि पुढे एक साधी, सपाट काच. वारा आणि पाऊस अडवणं, इतकंच तिचं काम.

विजेचे दिवे आले, प्रकाश वाढला आणि समोरच्याचे डोळे दिपू लागले. मग काचेला काम शिकवायची वेळ आली. ते शास्त्र समुद्राकाठी आधीच जन्मलं होतं. फ्रान्समध्ये ऑगस्टिन फ्रेनेल यांनी १८२३ साली कोर्दुआनच्या दीपगृहात काचेच्या कड्यांचं भिंग बसवलं आणि एका दिव्याचा प्रकाश क्षितिजापर्यंत पोहोचवला. काच प्रकाशाला वळवू शकते, आणि त्यासाठी ती जाडजूड असावी लागत नाही, नुसत्या पायऱ्या पुरतात, हे तिथे सिद्ध झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने मोटारींसाठी ‘कोनाफोर’ नावाची रेघांची काच काढली.

दीपगृह नाविकासाठी क्षितिजाकडे बघतं. मोटारीचा दिवा खाली, पायांपुढे बघतो. शास्त्र एकच.

क्षणभर डोळे मिटा. दोन्ही दिवे एकदम बघा. एक लांब, समुद्रावर. एक जवळ, ओल्या डांबरावर.

डोळे उघडा.

फ्रान्समध्ये आणखी एक गोष्ट झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत तिथल्या गाड्यांचे दिवे पिवळे असत. कधी बल्बची काच पिवळी, कधी पुढची. पिवळी काच निळा प्रकाश गाळून टाकते. उरलेला प्रकाश डोळ्यांना मऊ लागतो. पण जे गाळलं ते गेलंच. रस्त्यावर तेवढा प्रकाश कमी पोहोचतो. जुन्या सित्रोएनच्या पिवळ्या दिव्याकडे बघून मन हळवं होतं हे खरं. रात्री चालवायची असेल तर मी स्वच्छ काचच निवडेन.

अमेरिकेने १९४० च्या मॉडेलांपासून वेगळीच वाट धरली. काच, रिफ्लेक्टर आणि तार एकत्र वितळवून बंद केलं. सीलबंद दिवा, सात इंचांचा, गोल. आत ओल नाही, धूळ नाही, रिफ्लेक्टर कधी काळवंडत नाही. तार गेली की सगळाच दिवा बदलायचा. त्याची काच बोरोसिलिकेटची. साध्या काचेच्या मानाने ती तापल्यावर जेमतेम एक तृतीयांश फुगते. म्हणून तापलेल्या दिव्यावर पावसाचं गार पाणी पडलं तरी ती सहज तडकत नाही.

काच कलती ठेवली तर? १९६७ पर्यंतच्या युरोपातल्या फोक्सवॅगन बीटलचे दिवे असेच मागे कललेले होते. पहिल्या मालिकेतल्या जॅग्वार ई-टाइपच्या दिव्यांवर तर कलत्या काचेचं आणखी एक आवरण होतं. दिसायला फार देखणं. पण काच जितकी कलती, तितका माघारी फिरणारा प्रकाश जास्त. आणि आवरण म्हणजे वाटेत आणखी दोन पृष्ठभाग. सौंदर्याची किंमत रात्री मोजावी लागते.

पुरे. परत आपल्या फियाटपाशी येऊ.

दिवा विझवा. काच पुन्हा हातात घ्या. ती आता कोमट आहे.

आता त्या टवक्यांकडे वळू.

काच गॅरेजमधल्या उजेडात तिरकी धरा. बारीक बारीक खळगे दिसतात, असंख्य. प्रत्येक खळगा म्हणजे रस्त्यावरचा एक खडा, वाळूचा एक कण, एक मैल.

प्रत्येक खळग्यापाशी प्रकाश वाट चुकतो. थोडा वर उडतो, थोडा बाजूला. एका खळग्याने काही होत नाही. हजारोंनी होतं. ती रेखीव सीमा पुसट होते. वरच्या अंधारात धुरकट उजेड मिसळतो. समोरच्याच्या डोळ्यांकडे जाऊ नये म्हणून जो प्रकाश आवरला होता, तो निसटू लागतो.

टवक्यांवरून हलकेच बोट फिरवा.

राग नको. काच जुनी झाली आहे. तिने तिचं काम केलं आहे.

तरीही एक गोष्ट बघा. इतक्या वर्षांत ती पिवळी पडलेली नाही. आजच्या प्लास्टिकच्या काचा उन्हाने पिवळ्या होतात, धुरकट होतात, घासून घासून उजळाव्या लागतात. ही काच उन्हात तशीच राहिली. खड्यांनी तिला घायाळ केलं, उन्हाने नाही.

आतून एक ओघळाची खूण दिसते का? रबर सुकलं की रिंगच्या फटीतून पाणी आत शिरतं. दिवा तापला की त्याची वाफ होते, आणि रात्री ती आतल्या रेघांवर दव होऊन बसते. मग प्रत्येक रेघेवर हजार थेंब, आणि प्रत्येक थेंब आपल्या मनाने प्रकाश वळवतो. त्या पाण्याने रिफ्लेक्टरही काळवंडतो. काच निर्दोष असूनही दिवा मिणमिणतो. अशा वेळी काच बदलून काही होत नाही. रबर बदलावं लागतं, काळवंडलेला रिफ्लेक्टरही. पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्येही बरीच वीज वाटेतच विरते.

काचेवर आळ घेण्याआधी मागे बघावं.

शांत बसा. अजून एक गोष्ट उरली आहे, आणि तीच मला सर्वांत जिव्हाळ्याची आहे.

गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणतं, “जुना बल्ब काढा, एलईडी टाका, रात्रीचा दिवस होईल.”

कल्पनेत टाकून बघा.

भिंतीवर पांढराशुभ्र प्रकाश पडतो. डोळे दिपतात. क्षणभर छान वाटतं.

मग नीट बघा. सीमा कुठे आहे?

ती विस्कटली आहे. वर डाग उडाले आहेत. गाडीच्या पुढ्यात भगभगीत पट्टा आहे, आणि लांब जिथे प्रकाश हवा होता तिथे पोकळी.

काचेच्या रेघा एका विशिष्ट तारेसाठी आखल्या होत्या. काही मिलिमीटर लांबीची ती तार, ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकाराची, खाली झाकण असलेली. एलईडीचा प्रकाश त्या जागेवरून निघत नाही, त्या आकाराचा नसतो. रेघा तरीही आपलं काम करत राहतात. जे मिळेल ते पसरवतात, जे येईल ते वळवतात. पण आता सगळंच चुकीच्या ठिकाणी जातं.

काच चुकत नाही. तिला चुकीचं हाती दिलं आहे.

समोरून येणाऱ्याच्या जागी क्षणभर जाऊन बसा. त्याच्या काचेवर हा पांढरा झोत पडतो. तो हात वर करतो. दिवा वर-खाली करून विनवतो. इकडे डिपर लावलेलाच आहे. तरी त्याला काही दिसत नाही.

त्याच्याबरोबर एक श्वास घ्या.

आणि परत या.

जुना बल्ब लावा. काच बसवा. दिवा लावा, डिपरवर.

पिवळसर, मवाळ पट्टा. त्याची सपाट कड. डावीकडे चढलेली ती पंधरा अंशांची वाट. चाळीस वॅटमध्ये जे होणार तेवढंच. त्या काळच्या वेगाला ते पुरत होतं. आज वेग वाढला आहे, म्हणून अशा गाडीने रात्री हळू जावं. तिच्या दिव्याने तिला तेवढीच परवानगी दिली आहे, आणि मला त्यात काही उणं वाटत नाही.

आता काच फिरवण्याचा तो प्रयोग आठवा. पाव वळणात चिरफळ्या आडव्या झाल्या होत्या. बसवताना काच बोटभर जरी फिरली, तरी भिंतीवरचा पट्टा कलतो. एका बाजूचा प्रकाश झाडांत जातो, दुसऱ्या बाजूचा चाकांखाली. गॅरेजमध्ये बसवणाऱ्याला हे दिसत नाही. रस्त्यावर समोरच्याला दिसतं.

म्हणून शेवटचं, कामाचं सांगतो.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि काच बदलायची वेळ आली, तर परदेशातून आलेली देखणी काच लगेच बसवू नका. तिच्यावर गोलात ‘ई’ अक्षर असेल तर शेजारी बाण शोधा. गाडीसमोर उभं राहून काचेकडे बघताना बाणाचं टोक तुमच्या उजव्या हाताकडे असेल, तर ती डाव्या बाजूने चालणाऱ्या देशांची, म्हणजे आपल्या रस्त्यांची काच आहे. दोन्हीकडे टोकं असलेला बाण असेल, तर ती दोन्हीकडे चालते. बाणच नसेल, तर ती उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेली आहे. आपल्याकडे तिची चढती बाजू नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

जुनी काच शाबूत असेल तर तीच ठेवा. साबणाच्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने पुसा. रिफ्लेक्टरच्या चकाकीला बोट लावू नका. रबर नवं घाला. ‘टॉप’ वर ठेवा. आणि गाडी बाहेर काढण्याआधी एकदा तिला भिंतीसमोर उभी करून दिवा बघा.